तुझ्या नावामागं काय लिहू

बाबा, तुझ्या नातीच्या लग्नाची पत्रिका छापायला टाकली आहे आणि तिच्यात तुझ्या नावामागं 'गुरुजी' असं लिहून आलं होतं. नावाआधी गेलेल्या माणसाला लावतात ते 'कालकथित', नावामागं 'गुरुजी', मधे तू. छापखान्यातून मोबाइलवर नमुना आला तो मी तीनदा वाचला. तिन्ही वेळा तेच होतं. यादी तुझ्या जावयानं केली, पण त्याचा दोष नाही. तीस वर्षं त्याला जे ठाऊक आहे तेच त्यानं लिहिलं, आणि ते त्याला सांगणारी मी. छापखानेवाला दोन दिवस थांबतो म्हणाला होता. काही चुकलं असेल तर सांगा, म्हणे, एकदा मशीन फिरली की मग बोलू नका.

तू मिस्त्री होतास. मंगरूळच्या इकडच्या पाच-सात खेड्यांत तुझं खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं, मिस्त्री म्हटलं की तू. आईसुद्धा 'मिस्त्री, जेवाले या' अशीच हाक मारायची. एखाद्या घराची चौकट उभी राहिली की घरधनी तुला नारळ आणि टॉवेल-टोपी द्यायचा, आणि तू ती कोरी टोपी घालूनच घरी यायचास, जुनी खिशात कोंबून. मला चौथीतून काढलं तेव्हा आई आजारी होती आणि तुझ्या हाताखाली घमेलं उचलायला कोणी नव्हतं. त्यावरून मी तुझ्याशी कधी भांडले नाही. शाळा मला तशीही आवडत नव्हती, एका जागी बसावं लागायचं. कामावरच्या पहिल्या दिवशी मी तुला विटा कोरड्याच आणून दिल्या. तू दोन लावल्या, तिसरी हातात घेतली आणि माझं घमेलं तिथंच उलटं केलंस. 'कोरडी वीट शिमिटाच्या मालातलं पानी पिऊन टाकते. मंग भित कायच्या भरोशावर उभी राहीन?' मी म्हटलं, पानी लय दूर हाये. 'दूर हाये तं लवकर निंग,' तू म्हणालास. लोकांसमोर बोललास म्हणून मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही, पण त्यानंतर आठ वर्षांत एकही कोरडी वीट तुझ्या हातात दिली नाही.

लग्न करून कारंज्याला आले तेव्हा अठराची होते. सोयरीक मामानं जमवली आणि तुझ्याबद्दल 'सरकारी कामावर असते' एवढंच सांगितलं. ते एका परीनं खरं होतं, तेव्हा तू सरकारी दवाखान्याची खोली बांधत होतास. लग्नात कोण कोणाला विचारतो. पण सासरची गल्ली वेगळी होती. आपलीच माणसं, पण शिकून पुढं गेलेली. एकीचा बाप तलाठी, एकीचा हेडमास्तर, एकीचा भाऊ बँकेत, आणि सगळ्यांना त्याचा अभिमान, असायलाच पाहिजे. आठव्या दिवशी नळावर बायकांनी मला घेरलं. 'काय वं नवरी, तुहा बाप काय करते?' माझी पाण्याची गुंडी भरत आली होती. मी म्हटलं, 'मास्तर हायेत.' विचार करून नाही म्हटलं. ते तोंडातून निघालं. एक जण हसली. 'मास्तराची पोरगी अन् चौथीच शिकली?' मी म्हटलं, 'डोकं नव्हतं मले.' एका दमात तुला मास्तर केलं आणि स्वतःला ढ. गुंडी डोक्यावर घेतली आणि निघाले. संध्याकाळपर्यंत ते सासऱ्याच्या कानावर गेलं आणि त्याला इतका आनंद झाला की आता मागं फिरायचं कसं, ते मला समजेना.

मग तू आलास. दिवाळी होऊन गेली आहे, तू दुपारच्या एसटीनं उतरला आहेस, पांढरा शर्ट, स्वच्छ धोतर, हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. कारण तुझ्या लेकीला उकडलेल्या शेंगा आवडतात. सासरा अंगणात उठून उभा राहतो. 'या गुरुजी, या! जयभीम.' तू मागं वळून पाहतोस, तुझ्यामागं कोणी आलं आहे का म्हणून. मग माझ्याकडं पाहतोस. मी पाण्याचा गडवा घेऊन दारात उभी आहे आणि मी खाली पाहते. बाबा, तेवढ्यात तुला सगळं समजलं. तू पायातल्या चपला काढल्यास आणि त्या घरातल्या एकुलत्या एका खुर्चीवर जाऊन बसलास, जपून, जशी ती दुसऱ्याची आहे.

सासरा विचारतो, 'कोनत्या शाळेवर होते तुमी?' तू म्हणतोस, 'एका जागी कुठं? फिरतीच राह्यली जलमभर.' 'लय पोट्टे घडवले असतीन.' 'हाताखालून गेले बरेच. काही टिकले, काही पयाले.' सासरा मोठ्यानं हसतो. तू खोटं एक अक्षर बोलत नाहीस, ते सगळं माझ्याकडं राहू देतोस. मग सासऱ्यानं ग्रामपंचायतीचा कसलासा कागद आणला आणि तुझ्यापुढं धरला. 'गुरुजी, हे जरा वाचून सांगा बरं.' तुला सहीपुरतंच येत होतं. मी धावत गेले, म्हटलं आणा, मी वाचते, आणि उभ्याउभ्या अडखळत वाचायला लागले. सासरा म्हणाला, 'काय गुरुजी, घरचीच पोरगी कच्ची ठेवली?' तू बशीतला चहा खाली ठेवलास. 'ते माही चूक,' म्हणालास. 'म्याच काढली तिले शाळेतून. पोरगी हुशार होती.' माझ्यासाठी तू ते कबूल केलंस, परक्या माणसासमोर, मी तुझ्यासाठी काही न केलेल्या दिवशी.

त्या घराच्या मागच्या अंगाला तेव्हा नवी खोली बांधणं चाललं होतं. सासऱ्यानं तुला मुद्दाम दाखवायला नेलं. तिथला मिस्त्री घाईचा होता, पाच वाजायच्या आत निघायचं म्हणून भराभर विटा मांडत होता. भिंत सरळ आहे का ते पाहायचा ओळंबा गुंडाळून खुंटीला टांगलेला, आणि विटा कोरड्या. वरच्या चार थरांनी बाहेरच्या अंगाला पोट काढलं होतं. मला दिसलं, म्हणजे तुला किती दिसलं असेल. तुझा उजवा हात उठला. मग तू तो पाठीमागं नेलास आणि डाव्या हातानं धरून ठेवलास. 'कशी वाटते?' सासऱ्यानं विचारलं. तू म्हणालास, 'ज्याचं काम त्याले ठाव.' रात्री एसटी नव्हती म्हणून मुक्काम केलास आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं गेलास. त्यानंतर चार वर्षं जगलास आणि माझ्या दारात पुन्हा आला नाहीस. मीच माहेरी यायचे, तीही एकटीच. तू कधी विषय काढला नाहीस, मी तर नाहीच.

हे सगळं मी परवा तुझ्या नातीला सांगितलं. तू तिला पाहिलं नाहीस. ती पुण्याला भाषेचं शिकते, म्हणजे बोलायला नाही, शब्द कुठून आले ते. असंही शिकायला असतं. मी गहू निवडत होते, पत्रिकेतलं 'गुरुजी' काढायचं आहे म्हटलं, तिनं कायले म्हणून विचारलं आणि मला लपवता आलं नाही. ती ऐकून घेत होती आणि मग एकदम तिचे डोळे चमकले, तुला एखादी जुनी वीट सापडली की चमकायचे तसे. म्हणे, आई, थांब, तुला एक गंमत सांगते.

तर रोम नावाचं एक शहर आहे, तिथं दोन हजार वर्षांखाली एक शब्द होता, मागिस्तेर. मागिस म्हणजे जास्त. चार लोकांत जो जास्त तो मागिस्तेर, मग तो पोरं शिकवणारा असो, जहाजावरचा मुख्य असो की गुराख्यांचा म्होरक्या. त्यांचं राज्य मोडलं पण शब्द राहिला. घर पडलं की लोक त्याच्या विटा नेऊन आपापल्या भिंतीत बसवतात, तसा तो ज्यानं त्यानं नेला. हे विटांचं माझं, तिचं नाही. इटलीवाल्यांनी त्याचे दोन केले, गाणंबजावणं शिकवणारा मायेस्त्रो आणि हातानं काम करणारा कारागीर मास्त्रो. स्पेनमध्ये शाळेच्या मास्तरालाही मायेस्त्रो म्हणतात आणि बांधकामाच्या मुख्यालाही. फ्रान्सवाल्यांनी मधला 'स' गिळून मेत्र केला, पण लिहिताना त्या जागेच्या अक्षरावर एक टोपी काढतात, इथं आधी कोणी होतं म्हणून. ती टोपी तिनं मला काढून दाखवली, चांगली आहे. तिकडं वकिलाला त्या नावानं हाक मारतात. जर्मनीत त्याचा माइस्टर झाला, आणि तिथं कारागिराला असं म्हणवून घ्यायला परीक्षा द्यावी लागते, तो कागद ते लोक भिंतीला लावतात. इंग्रजांनी मास्टर केला, तो आपल्याकडं येऊन मास्तर झाला. तोच घासून घासून मिस्टर. 'तू बाबांना आमचे मिस्टर म्हणतेस ना, तोच.' मी म्हटलं, 'त्याले नोको सांगू, फुगीन.' आणि पोर्तुगाल म्हणून देश आहे, त्यांच्या जहाजांवरून सुतार-गवंडी आपल्या किनाऱ्याला उतरले, ते मेस्त्रे. मेस्त्रेचा मिस्त्री.

आणखी एक सांगितलं तिनं. त्याच रोममध्ये कमी असणाऱ्याला, चाकराला, मिनिस्तेर म्हणायचे. त्याचा आता मिनिस्टर झाला आहे. मी म्हटलं, 'म्हंजे जो मोठा होता तो विटा रचून राह्यला अन् चाकर होता तो गाडीत फिरून राह्यला?' पोरगी इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणे, आई, माझ्या सरांना असं सांगता आलं नसतं.

मग ती माझ्याजवळ सरकली आणि म्हणाली, 'बघ ना, मुळात दोन्ही शब्द एकच आहेत. आजोबांना मास्तर म्हटलं काय नि मिस्त्री म्हटलं काय. तू खोटं बोललीच नाहीस.'

तिनं मायेनं म्हटलं होतं, मला कळतं. पण माझं डोकं फिरलं. मी परात आपटली, गहू घरभर झाले. 'दोन हजार वर्षांखाली असतीन एक,' मी म्हटलं. 'त्या नळावर एक नव्हते. एकाले खुर्ची होती अन् एकाले नव्हती. मले चांगलं ठाव होतं कोनाले हाये ते, म्हनून तं बोलली. तुहं पुस्तक मले कायले सोडवते?' ती गहू वेचायला लागली. नंतर मला वाईट वाटलं. एवढ्या लांबून शब्द माझ्यासाठी घेऊन आली होती. पण बाबा, मला सुटायचं नव्हतं. तो शब्द इतक्या देशांतून फिरून तुझ्यापर्यंत आला, कोणी त्याला परीक्षा लावली, कोणी टोपी घातली, आणि तुझ्या पोटच्या पोरीनं तो नळावर आठव्या दिवशी काढून टाकला.

संध्याकाळी जेवताना मी तुझ्या जावयाला सांगून टाकलं. घुमवून सांगणं मला येत नाही. म्हटलं, माझा बाप मास्तर नव्हता, मिस्त्री होता, पत्रिकेत बदला. त्याचा घास हातातच राहिला. मग म्हणतो काय, 'तीस वर्षं! अन् मी तुह्याशी वाद घालाले भेत होतो, म्हनलं मास्तराची पोरगी, आपल्याले काहीबाही म्हनीन.' पोरीला हसू आलं, मलाही आलं असतं. पण मग तो गंभीर झाला. 'आता राहू दे. मुलाकडचे सारे नोकरीवाले. लग्नाच्या तोंडावर कायले? सव्वीस वर्षं झाले त्याईले जाऊन, आता त्याईले काय फरक पडते?' मी म्हटलं, 'त्याले पडत नसीन, मले पडते.' तो म्हणाला, 'तुले पडते म्हनून पोरीच्या सासरी हसू करून घेऊ?' मी त्याच्या ताटात भाजी वाढली. याच भीतीनं मी तेव्हा नळावर बोलले होते.

खाटेवरून म्हातारी बोलली. माझी सासू. आता ऐंशीच्या पुढं आहे, डोळ्यांनी दिसत नाही आणि कानांनी पाहिजे तेवढंच ऐकते. 'बदल म्हनते तं बदल,' तिनं लेकाला सांगितलं. 'मास्तर नव्हताच तो.'

'तुमाले कोनं सांगतलं?' मी विचारलं.

'कोनं सांगा लागते? म्या पायलं. तो मुक्कामाले होता त्या पहाटीस मी सडा टाकाले उठली, तं मांगच्या अंगाले तुहा बाप धोतर खोचून वरच्या विटा काढून राह्यला. त्या मिस्त्रीचीच थापी घेतली होती. मले पाहून चोरावानी उभा. मी म्हनलं, काय करता गुरुजी? तं म्हने, विहीनबाई, पोट हाये भितीले, पुढच्या पान्यात येईन खाली. माह्याच्यानं राह्यलं नाही. मी मास्तर नाही, मिस्त्री हावो. पोरीले सांगू नोका, लाजीन.'

'मंग?' तुझ्या नातीनं विचारलं.

'मंग काय? मी म्हनलं, च्या घेता का. तं म्हने, च्या नोको, दोन बकेटा पानी द्या, विटा कोरड्या हायेत.' म्हातारी तोंड उघडून हसली, दात एकही नाही. 'विहिनीले पानी भराले लावलं, बाई. म्या देल्या दोन बकेटा आनून. सकायी आपला मिस्त्री आला, तुहा सासरा म्हने, वा, कशी सुतात धरली भित. तं तो मेला मान डोलावते! मले इतकं हासू ये, पन कोनाले सांगू?'

'अन् मले काहून नाही सांगतलं?' मी विचारलं.

'तो नोको म्हने. अन् तू काही मुकी नव्हती. म्हनलं, सांगीन आपल्या तोंडानं एखांद्या दिवशी. वाट पायता पायता डोये गेले.' मग ती भिंतीकडं वळली आणि म्हणाली, 'टोपी द्याले पायजे होती त्याले. राहून गेलं.'

तुझ्या जावयानं ताट सारलं, हात धुतला आणि छापखान्याला फोन लावला. त्याच्यात हे एक चांगलं आहे, आईपुढं फार बोलत नाही. पलीकडचा म्हणाला, गुरुजी काढून मिस्त्री? पक्कं ना? नाहीतर उद्या पुन्हा बदला म्हणाल. मी फोन ओढून घेतला आणि म्हटलं, पक्कं. आज नवा नमुना आला. ठळक अक्षरात आहे. मुलाकडं पण पाठवला, तिकडून फक्त जेवणाची वेळ विचारली.

आता म्हातारी येईल त्याला ती बकेटांची गोष्ट सांगते आहे. दर वेळी थोडी वाढते. नळावरच्या आता म्हाताऱ्या झालेल्या बायका येऊन माझा हात धरतात, म्हणतात, माय वं, तुले तीस वर्षांनी कळलं, काय वाटलं असीन तुह्या जिवाले. मी मान हलवते आणि डोळ्याला पदर लावते. घरातही सगळे मला ते आताच कळलं असंच धरून चालले आहेत. आणि मी त्यांना धरू देते आहे, बाबा. म्हणून लिहायला बसले.

त्या पहाटे मी जागी होते. नवी सून, उशिरा उठलं तर बोलणी बसतील म्हणून झोप अशीतशीच लागायची. मागून आवाज आला, थापीचा, विटेवर. दोन हलके, एक जोरात, मग थोडं थांबणं, मग पुन्हा. आठ वर्षं मी त्या आवाजाखाली घमेली उचलली आहेत. वीस मिस्त्री एका ठिकाणी लागले असते तरी मला तुझा हात ओळखू आला असता. उठावं, पाणी आणून द्यावं, असं आधी मनात आलं. मग मनात आलं, कोणी पाहिलं तर काय सांगू. मी गोधडी डोक्यावरून घेतली आणि आवाज थांबेपर्यंत तशीच पडून राहिले. म्हातारीनं पाणी दिलं. मी नाही. तू जाताना अंगणात माझ्या डोक्यावर हात ठेवलास, तो ओला होता, आणि मी विचारलं नाही की ओला काहून.

आणि शेवटी तू अंथरुणावर होतास तेव्हा मी आणि तुझा जावई भेटायला आलो होतो. तुला बोलायला दम पुरत नव्हता. तू एकच विचारलंस, 'ते मांगची भित कशी हाये वं?' हा बाजूलाच बसला होता. मी म्हटलं, 'कोनती भित?' तू माझ्याकडं पाहिलंस आणि म्हणालास, 'काही नाही, काही नाही.'

हे पोरगी वाचायला मागेल, तिला देणार नाही. कोणालाच नाही. तू विचारलं होतंस त्याचं उत्तर तेवढं द्यायचं राहिलं होतं. चांगली आहे, बाबा. तीस पावसाळे झाले, एक रेघ नाही तिला.